मेंदूचा रिपोर्ट नॉर्मल

माझ्या मेंदूचा एमआरआय नॉर्मल होता. गेल्या वर्षभरात हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं, की आता कोणी भाजीच्या तिखटाबद्दल 'नॉर्मल आहे' म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. डॉक्टरांनी ऐकवलं, ऑफिसातल्यांनी ऐकवलं, नवऱ्यानं ऐकवलं. ज्या दिवशी माझे दोन्ही पाय माझे राहिले नव्हते, त्या दिवशीसुद्धा एका डॉक्टरनं तीच फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाला, "यात तर काहीच नाही हो."

यात नव्हतंच. आजार दुसरीकडे होता. दुसरीकडे बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि तो राग मला अजून गिळता आलेला नाही.

मी कल्पना. माहेर मुरब्याचं, सासर बेटेगावचं. सोळा वर्षं बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. हे लिहितेय ते सहानुभूती मिळावी म्हणून नाही. ती मला भरपूर मिळाली आणि तिचा काही उपयोग झाला नाही. हे लिहितेय ते अशा कोणासाठी, जिच्या हातात आत्ता एक स्वच्छ रिपोर्ट आहे आणि जिला घरातले सगळे 'आता तरी मनावर घेऊ नकोस' म्हणताहेत.

आमच्याकडचे दोन नियम

आजाराआधी माझं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

कारखान्यात टाकी भरली की माल बरा आहे की नाही ते आम्ही ठरवतो. त्यासाठी रामआसरेजी, आमचे जुने ऑपरेटर, दोरीला वजनदार बाटली बांधून टाकीत सोडतात. एक नमुना वरचा, एक मधला, एक तळाचा. तीन बाटल्या, तीन चिठ्ठ्या. वरचा पाण्यासारखा स्वच्छ असतो आणि तळाला खरोखरीचं पाणी साचलेलं असतं, असं मी कितीदा पाहिलंय. नवीन आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते, की एका बाटलीवर सही करायची नाही, समोर कोणीही घाई करत उभा असला तरी.

दुसरा नियम चुकांबद्दलचा. नोंदवहीत चूक झाली तर ती पांढऱ्या शाईनं झाकायची नाही, पान फाडायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर ते लिहायचं. मग सही, तारीख आणि कारण. कारणाशिवाय दुरुस्ती धरत नाहीत, आणि दुसऱ्या कोणी ती वाचून खाली 'तपासले' लिहून सही केल्याशिवायही नाही.

उचकी

गणपती नुकतेच गेले होते. एका सकाळी डबा भरताना उचकी लागली. पाणी प्याले, साखर खाल्ली, श्वास धरला. थांबेना. दुपारी उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच.

आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. मग काय, घरात खेळच सुरू झाला. ज्याचं नाव घेतल्यावर थांबेल तो माणूस. हेमंत, माझा नवरा, एकेक नाव घ्यायचा. मावशी? आत्या? ती वसईला बदली झालेली मॅडम? लॅबमध्येही तेच. रामआसरेजी हसून म्हणाले, "मॅडम, कोई बहुत जोर से याद कर रहा है." मी हसायचे आणि त्या हसण्यातच पुढची उचकी यायची.

पाचव्या दिवशी हसू संपलं. अन्न टिकत नव्हतं, बरगड्या दुखत होत्या. डॉक्टरनं पित्त म्हणून सांगितलं. दुर्बीण घालून पोट पाहिलं, पोट स्वच्छ. सोळा दिवसांनी उचकी आपोआप गेली. पित्ताच्या गोळ्यांना श्रेय मिळालं.

त्या सोळा दिवसांत माझ्या आईनं मुरब्याहून एकही फोन केला नाही. एरवी रोज करणारी बाई. मी केला तर दोन शब्द बोलून ठेवून द्यायची. मला फार लागलं. लेक आजारी आणि हिला विकायचे सुके बोंबील महत्त्वाचे, असं मी हेमंतला म्हणालेसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गुलाबी

थंडीच्या सुरुवातीला उजवा डोळा दुखायला लागला. डोळा हलवला की मागून कोणी ओढतंय असं वाटायचं. मी दुर्लक्ष केलं, झोप कमी झाली असेल म्हणून.

आमच्या एका चाचणीत ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब द्रावण सोडतात आणि खालचं बिनरंगी पाणी फिकट गुलाबी झालं की थांबतात. वाचताना डावा डोळा मिटायची माझी सोळा वर्षांची सवय. त्या दिवशी मी थेंब सोडतेय, सोडतेय, खाली सगळं करडंच. रामआसरेजी नमुन्याच्या बाटल्या ठेवायला आले आणि म्हणाले, "मॅडम, ये तो कब का गुलाबी हो गया."

मी डावा डोळा उघडला. भांड्यात गडद गुलाबी. डावा मिटला, करडं. पुन्हा उघडला, गुलाबी. असं मी पाच-सहा वेळा केलं. मला आठवतंय, मी घाबरले नाही, मला राग आला. जणू कोणी माझ्या टेबलावर येऊन मला न विचारता वस्तू उचलून नेली होती.

पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं आत बॅटरी मारून पाहिलं. डोळा आतून चांगला दिसतोय म्हणाले, एकदा स्कॅन करून घ्या. त्यांनी विचारलं होतं, "याआधी काही त्रास?" मी म्हणाले, "नाही." डोळ्याच्या डॉक्टरला उचकीचं काय सांगायचं? हसले असते. ही माझी चूक. ती मी इथे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवते.

स्कॅनची चिठ्ठी आमच्या कंपनीच्या डॉक्टरनं दिली. ते आठवड्यातून तीनदा कारखान्यातल्या दवाखान्यात बसतात. चिठ्ठीवर त्यांनी एकच शब्द लिहिला, मेंदू. मेंदू तपासला. नॉर्मल. मग त्यांनी माझ्या फाइलमध्ये लिहिलं: 'मेंदूचा एमआरआय नॉर्मल. त्रास मानसिक ताणामुळे. चाचण्यांच्या टेबलावरचं काम देऊ नये.' मला चाचण्यांवरून काढून कागदांच्या खोलीत बसवलं. आणि मी, तीन बाटल्यांशिवाय सही न करणारी बाई, तो एका बाटलीचा निकाल आणि त्या नोंदीची नक्कल पिशवीत घालून घरी आले. वर देवापुढे साखर ठेवली, मेंदू चांगला निघाला म्हणून.

पाय

शिमग्याला चार दिवस होते. सकाळी चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या बाईनं हाक मारली, "ताई, चप्पल राहिली." दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत सुन्न. तिसऱ्या दिवशी बेंबीपर्यंत, आणि पोटाभोवती कोणीतरी घट्ट पट्टा आवळलाय असं वाटत होतं. उभी राहिले की पाय दुमडायचे.

बोईसरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरनं आधी मला पाहिलं, मग हेमंतच्या हातातली फाइल पाहिली. फाइल पाहिल्यावर त्याचा चेहरा बदलला. तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात एक सुटका होती. त्यानंच ती फिल्म खिडकीत धरली. मग एक इंजेक्शन दिलं झोपेचं, आणि हेमंतला बाजूला घेऊन सांगितलं, घरात काही वाद वगैरे आहेत का बघा.

घरी आणल्यावर हेमंत पलंगाशी उभा राहिला आणि म्हणाला, "सगळे रिपोर्ट नॉर्मल हायत, कल्पना. मग तू का असं करते?"

तो वाईट माणूस नाही. पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो, हातात घेतलेलं काम अर्धं सोडत नाही. पण त्या क्षणी त्यानं माझ्या पायांपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तर तळपायच लागत नव्हते, तरी ती आग कुठून आली कोण जाणे. मी जवळचा तांब्या फेकला. मग काय, वेडाचा पुरावाच मिळाला.

दोन दिवसांनी आई आली. तिनं काही विचारलं नाही. माझ्या पायाला हात लावला, अंगठा दाबला, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पोटावर हात ठेवला. पोट फुगून दगड झालं होतं.

"लघवीला कधी गेली होतीस?"

मला आठवेना. काल सकाळी असेल.

आई उठली आणि हेमंतसमोर जाऊन उभी राहिली. "जावईबुवा, ही लबाडी नाय. लबाडी करनारीला मुतायला येते. गाडी आना."

इतकी वर्षं शिकलेल्या माणसांना जे सुचलं नाही ते सुकी मासळी विकणाऱ्या बाईनं पोटावर हात ठेवून सांगितलं. दोन दिवस त्या फाइलमुळे वाया गेले. दोन दिवस म्हणजे काय ते मला नंतर कळलं. या आजारात औषध लवकर सुरू झालं तर नसा वाचतात, आणि माझ्या डोळ्याच्या वेळी तर दिवस नाही, महिने गेले होते.

टाचणी

मनोरच्या रस्त्यानं ॲम्ब्युलन्सनं मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे मेंदूविकाराच्या विभागात एक डॉक्टरबाई होत्या, माझ्याहून लहान, केस घट्ट बांधलेले, आवाज बसलेला. हेमंतनं सवयीनं फाइल पुढे केली.

"ती राहू द्या," त्या म्हणाल्या. "आधी यांना बघू."

त्यांनी टाचणी घेतली आणि पावलापासून वर टोचत आल्या. लागतंय? नाही. लागतंय? नाही. छातीच्या खाली एका जागी मी ओरडले. तिथे त्यांनी पेननं खूण केली. मग उजव्या डोळ्यापुढे लाल टोपणाचं पेन धरलं. कोणता रंग? मी म्हणाले, मळकट. डाव्या डोळ्याला? लाल.

मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "गेल्या वर्षभरात कधी पुष्कळ दिवस उचकी लागली होती का? उलट्यांसकट?"

मी बोलायच्या आत माझ्या उशाशी बसलेली आई रडायला लागली.

"ती माज्यामुळे लागली होती, डॉक्टर. मी हिची आठवन काढत होते ना. गौरींना येनार होती, आली नाय, तर मी सारखी आठवन काढायची. मग उचकी लागली कळल्यावर मी बंद केली. फोन नाय केला, फोटो पन उलटा ठेवला. सोला दिवस मनात येऊ दिलं नाय, तवा कुठं थांबली."

मी आईकडे बघत राहिले. सोळा दिवस ती बाई मला न आठवायचा प्रयत्न करत होती, आणि मी तिला बोंबलांवरून बोलत होते. मी रडले. तोवर मी या आजारात एकदाही रडले नव्हते.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या आईच्या शेजारी स्टुलावर बसल्या. "आजी, तुमच्यामुळे नाही. पण तुम्ही सोळा दिवस मोजलेत ते फार चांगलं केलंत. मला तेच हवं होतं."

पहारेकरी

त्या रात्री मज्जारज्जूचा एमआरआय झाला. मानेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक लांबच लांब सूज. रक्ताचा रिपोर्ट आला. आजाराचं नाव न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. शरीराचे स्वतःचेच संरक्षक आपल्याच माणसाला चोर समजून मारतात, असा प्रकार.

औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना धरलं. मला समजून घ्यायचं होतं, की संरक्षकच पिसाळले असतील तर मेंदू कसा सुटला? मेंदू, मज्जारज्जू, डोळ्याची नस, सगळं एकच ना?

"एकच घर आहे," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक खोलीतले पहारेकरी वेगळे."

मग त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आत कायमचे राहणारे पहारेकरी पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. पूर्वी समजायचे की सगळीकडे हे एकाच जातीचे. आता दिसतंय की तसं नाही. मेंदूच्या एका भागात ते दाट, दुसऱ्यात विरळ. कुठले शांत, कुठले चटकन चिडणारे. मज्जारज्जूतले मेंदूतल्यांसारखे वागत नाहीत. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत सगळीकडे सारखी जाड नाही. मेंदूच्या तळाशी जिथून उलटी आणि उचकी चालते, तिथे ती भिंत जवळजवळ नाहीच. बाहेरचे पिसाळलेले आधी तिथून शिरले, आणि स्कॅन होईपर्यंत तिथली सूज ओसरूनही गेली होती. मग डोळ्याच्या नसेत. मग मज्जारज्जूत.

"म्हणजे उचकी, डोळा, पाय हा एकच आजार," मी म्हणाले.

"एकच. कुठे का हल्ला होतो आणि कुठे का नाही, हे सगळं आम्हाला कळलंय असं मी सांगणार नाही. शोध चालू आहे. पण एका जागी काही नाही म्हणजे कुठेच काही नाही, असं इथे चालत नाही."

मला आमचा कारखाना डोळ्यापुढे आला. सिक्युरिटीचा गणवेश सगळ्यांना एकच. पण मेन गेटवरचा माणूस पिशवी उघडून बघतो, टाक्यांकडचा काडेपेटी बघितली तरी अंगावर येतो, आणि कॅन्टीनमागच्या गेटवरचा झोपलेला असतो. चोरी कुठून झाली हे बघायला मेन गेटचं रजिस्टर तपासून काय होणार?

"मग तुम्ही लोक फक्त मेंदूच का बघितला?" मी जवळजवळ ओरडले.

"माझ्यावर का चिडता? मी तर तुम्हाला परवा भेटले," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

वॉर्ड

वॉर्डात सकाळी साडेपाचला दिवे लागायचे. आधी ताप बघणारी, मग झाडूवाली मावशी, मग चहा. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड. तोंड कडू, झोप नाही, आणि राग तर इतका की शेजारच्या बाईनं केळं सोललं तरी मला आवाज सहन व्हायचा नाही. पाय हलले नाहीत तेव्हा रक्त मशिनीत फिरवून त्यातला पिवळा भाग काढून टाकायला सुरुवात केली. मशीन घरघरायची आणि बाजूच्या पिशवीत माझाच शत्रू साचताना मला दिसायचा. मला बरं वाटायचं ते बघून. एकदा तरी तो डोळ्याला दिसला.

लघवीची नळी लावलेली असायची. लाज कधी गेली ते कळलं नाही. झाडूवाली मावशी रोज माझ्या पायाचा अंगठा फडक्यानं पुसता पुसता दाबायची आणि विचारायची, "आज?" मी म्हणायचे, नाही. अकराव्या दिवशी मी म्हणाले, "दाबलात?" तिनं झाडू तिथेच टाकला आणि सिस्टरला बोलवायला पळाली.

हेमंत फरशीवर चटई टाकून झोपायचा. किती पाणी आत गेलं, किती लघवी झाली, याचा तक्ता तो भरायचा. मोटारींच्या कामासारखा, नीटनेटका, एक खाडाखोड नाही. एकदा तक्ता भरताना मान वर न करता तो म्हणाला, "मी तुला तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," मी म्हणाले.

तो हे वाचणार आहे, तरी लिहिते. मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. तक्ता मात्र मी जपून ठेवलाय.

रामआसरेजी एका रविवारी भेटायला आले. त्यांना काय बोलावं सुचेना. पिशवीतून संत्री काढली, तीन. "ऊपर का, बीच का, नीचे का," म्हणाले. आख्खा वॉर्ड वळून बघेल इतकी मी हसले.

सांगायचं ते

कोणाला आत्ता हे वाचून स्वतःचं काही आठवत असेल तर एवढंच करा. डोळ्याच्या डॉक्टरला पोटाचं सांगा, पोटाच्या डॉक्टरला पायाचं सांगा. हसू देत. तारखा लिहून ठेवा, आणि तारखा आठवत नसतील तर आईला विचारा. रिपोर्ट नॉर्मल आला तर विचारा, कशाचा नॉर्मल, आणि काय तपासलं नाही. आणि मानसिक आजारही खराच असतो, त्यात लाज नाही. पण ज्याला कारण सापडत नाही त्यानं त्या शब्दाची सतरंजी करून आपला कचरा तिच्याखाली ढकलू नये. ज्यांना खरोखर तो त्रास आहे त्यांचाही तो अपमान आहे.

रेघ

मी काठी घेऊन चालते. उजव्या डोळ्याला आकार दिसतात, रंग नाहीत. दर सहा महिन्यांनी औषध घ्यायला जावं लागतं आणि जावं लागणार. डावा डोळा शाबूत आहे. डॉक्टरबाईंनी रंगांची तपासणी करून तसं पत्र दिलं.

पुन्हा गणपती होऊन गेल्यावर मी कामावर हजर व्हायला गेले. मला माझं टेबल परत हवं होतं. कागदांच्या खोलीतली खुर्ची नको होती, ब्युरेट हवी होती. ऑफिसनं सांगितलं, कंपनीच्या डॉक्टरचा दाखला आणा.

डॉक्टरसाहेबांनी नवी पत्रं वाचली. मज्जारज्जूची फिल्म बघितली. बराच वेळ बघितली. "फार दुर्मिळ आजार आहे हो," ते म्हणाले. "कोणाच्याही लक्षात आला नसता." मग दाखल्याचा कागद ओढून लिहायला लागले. "बसून करायच्या कामाला फिट लिहितो. टेबलाचं पुढे बघू. तुमच्या फाइलला ती आधीची नोंद आहे ना, ताणाची. ऑफिसवाले ती बघतात."

"ती नोंद दुरुस्त करा, सर."

"जुनं कशाला उकरता? मी वेगळं पान लावतो."

"पान बदलायचं नाही," मी म्हणाले. "रेघ मारा. शेजारी बरोबर लिहा. सही, तारीख, कारण. आम्ही असंच करतो. तुमच्या खालच्याच मजल्यावर."

मी काठी टेबलाला टेकवली आणि समोरच्या खुर्चीत बसले. बाहेर दोन कामगार थांबले होते, त्यांनी दारातून डोकावून बघितलं. शेवटी डॉक्टरसाहेबांनी फाइल उघडली, 'मानसिक ताणामुळे' वर रेघ मारली, शेजारी आजाराचं नाव लिहिलं. 'टेबलावरचं काम देऊ नये' वरही रेघ मारली, 'द्यावे' लिहिलं. सही केली. कारण म्हणून लिहिलं, लेखनातली चूक.

"ही लेखनातली चूक नव्हती," मी म्हणाले. "तुम्हाला जे लिहायचं होतं तेच तुम्ही लिहिलं होतं."

"मग काय लिहू?" आवाज चढला होता.

"तुम्ही काय तपासायला लिहिलं होतं?"

"मेंदू."

"डोळ्याची नस?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मज्जारज्जू?"

"नाही."

"मग तेच लिहा."

त्यांनी 'लेखनातली चूक' वर रेघ मारली. मग लिहिलं: 'फक्त मेंदू तपासला. बाकीचं तपासलं नाही.' सही केली, तारीख घातली आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

"झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले. "डोळा गेला तो गेला. पेन द्या."

"तुमची सही कशाला?"

मी पेन घेतलं. ते वाक्य डाव्या डोळ्यानं दोनदा वाचलं. मग त्याच्याखाली 'तपासले' असं लिहिलं, आणि सही केली.